काकूंचे खोके आणि माझ्या लग्नाची पंगत

प्रमिलाताई खांबेटे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहाल का, असे संपादक मंडळाने विचारले तेव्हा मी लगेच होकार दिला आणि एक अट घातली. बाकी सारे मुलुंड त्यांना ‘ताई’ म्हणत असले, तरी मी त्यांना काकूच म्हणणार. एकाच जिन्याच्या पायथ्याशी समोरासमोर आमची दारे होती. ज्यांच्या डब्यातले चुरमुरे न विचारता खाल्ले, त्यांना आता एकदम ताई म्हणायला माझी जीभ वळत नाही. मंडळाने अट मान्य केली आहे. वाचकांनीही करावी.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला परळची खोली सोडून आम्ही मुलुंडला राहायला आलो. आज जिथे नाहूरचे स्टेशन आहे तिथे तेव्हा गवत आणि चिखल होता, आणि आमच्या नातेवाइकांच्या मते आम्ही मुंबई सोडूनच गेलो होतो. सामान उतरवून झाले, दिवेलागणीची वेळ झाली आणि लक्षात आले की स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. उद्या प्लंबर बघू, असे अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. तेवढ्यात दार वाजले. दारात एक बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, एका हातात पोह्यांची ताटली आणि दुसऱ्या हातात पक्कड.

“तुमचा नळ गळतोय ना? भिंतीतून आवाज येतोय. घरात एखादी जुनी चप्पल आहे का?”

चप्पल कशाला, हे विचारायचे आईला सुचलेच नाही. तिने अण्णांची झिजलेली रबरी चप्पल आणून दिली. बाईंनी टाचेच्या बाजूने कात्रीने एक गोल तुकडा कापला, मधोमध भोक पाडले आणि पक्कड आईच्या हातात दिली.

“फिरवा.”

“अहो, मला नाही जमायचं हे.”

“जमत नाही हे फिरवल्यावर कळेल. बघू तरी.”

आईने पक्कड फिरवली. नळ उघडला गेला, चपलेचा वायसर आत बसला आणि गळती थांबली. पुढे कितीतरी दिवस आई येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायच्या निमित्ताने तो नळ दाखवत होती. काकूंची आणि आमची ओळख झाली ती अशी, आणि त्यांचा स्वभावही त्याच संध्याकाळी सगळा कळला. त्यांना तो नळ स्वतः दुरुस्त करायला काही वेळ लागला नसता. पण दुसऱ्याचे काम करून देऊन उपकार करायचे, हे त्यांच्या बुद्धीला कधी पटलेच नाही.

काकू भांडुपच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. भाऊसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, फोर्टातल्या एका कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होते. घरात दोन पगार येत होते, तेव्हा काकूंची काटकसर ओढगस्तीतून आलेली नव्हती. जुन्या पातळांचे पडदे, पडद्यांची पुढे उशांची खोळ, खोळीचे शेवटी फरशी पुसायचे फडके, असा त्यांच्याकडे प्रत्येक कापडाचा भरगच्च संसार होई. भाऊसाहेबांच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली जाई आणि शर्ट आणखी दोन दिवाळ्या पाही. भाऊसाहेब फार गोड माणूस. ते म्हणत, “लोकांना म्हातारपणाची भीती वाटते. मला नाही. या घरात जुनं झालं म्हणून कुणाला टाकत नाहीत.”

सुरुवातीला इमारतीत काकूंना कंजूष म्हणत. आज हे लिहिताना कुणाला राग येऊ नये, कारण म्हणणाऱ्यांत माझी आईसुद्धा होती. पण कंजूष माणूस देत नाही, आणि काकूंचे हात देण्यात कायम गुंतलेले असत. शाळेतल्या ज्या मुलींना सहलीला जायला जमत नसे, त्या काकूंबरोबर सहलीला जात आणि त्यांचे पैसे कुणी भरले हे त्यांना कधी कळत नसे. मोडकी वस्तू फेकायची नाही आणि माणसाला ताटकळत ठेवायचे नाही, हे दोन्ही त्या सारख्याच सहजतेने करत. कंजूष हा शब्द आमच्या जिन्यातून कधी नाहीसा झाला हे कुणालाच सांगता येणार नाही.

रविवारी दुपारची जेवणे झाली की जिन्याखालच्या मोकळ्या जागेत काकूंची चटई पडायची. ज्याचे जे मोडले असेल ते घेऊन यायचे. छत्रीची काडी, स्टोव्हचा पंप, इस्त्रीची वायर, खुळखुळणारी ट्रंक. मात्र वस्तू ठेवून घरी जायला परवानगी नव्हती. चटईवर बसायचे आणि स्वतःच्या हाताने करायचे. काकू फक्त शेजारी बसून “उलटं लावलंस रे” किंवा “अगं, आधी प्लग काढ, मग शूर हो” असे म्हणत. त्या काळी घरात फ्यूज उडाला की बायकांनी अंधारात बसून पुरुषांची वाट पाहायची, अशी रीत होती. आमच्या इमारतीत ती रीत काकूंनी मोडली. एकदा ऐन क्रिकेटची कॉमेंट्री चालू असताना वीज गेली. पुरुष मंडळी मेणबत्ती कुठे आहे यावर वाद घालत होती, तोवर आईने स्टुलावर चढून मुख्य बटण बंद केले, फ्यूजला तार घातली आणि रेडिओ पुन्हा बोलू लागला. अण्णांनी त्या दिवशी आईकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी लहान असूनही मला कळली.

गौरवग्रंथात सगळेच गुण लिहिले तर काकू स्वतः मला खडसावतील, म्हणून त्यांच्या एका पराभवाचीही नोंद करते. त्यांच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तेव्हा त्यांनी ते उघडून साफ केले, जोडले आणि चालूही केले. काटे अगदी बरोबर चालत. ठोके मात्र स्वतःच्या मर्जीने पडत. घड्याळाने अकरा ठोके दिले की चार वाजले, हे इमारतीतल्या सगळ्या मुलांना पाठ होते. “वेळ बघायची असते, ऐकायची नसते,” असे काकू म्हणत आणि विषय बदलत.

आता अण्णांविषयी. ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास अण्णांचा कारखाना बंद पडला. ते तिथे स्टोअरमध्ये होते. आज उघडेल, उद्या उघडेल असे होता होता तो कायमचाच बंद झाला. अण्णा सकाळी नेहमीच्या वेळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसत आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहत. आई शिवणकाम करून घर चालवू लागली. नातेवाईक येत, सहानुभूती दाखवत, आणि त्यांनी पाठ फिरवली की अण्णा आणखी गप्प होत. काकू आल्या त्या मात्र एक मोडकी खुर्ची घेऊन.

“अण्णा, या खुर्चीची वेताची जाळी फाटलीय. जरा हात लावाल का? माझी बोटं आखूड पडतात.”

काकूंची बोटे आखूड नव्हती. अण्णांनाही ते दिसत असणार. पण मदत मागितल्यावर नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पहिली जाळी वाकडी विणली गेली. काकूंनी ती उसवली आणि म्हणाल्या, “पुन्हा.” दुसरी बरी झाली. तिसरी खुर्ची समोरच्या इमारतीतून आली. मग सुतारकाम आले, मग कुलपे आली. वर्षभरात अण्णांची इस्त्रीची पँट जाऊन खाकी चड्डी आली आणि मुलुंड पूर्वेला ‘अण्णांकडे टाका, होऊन जाईल’ असे लोक म्हणू लागले. आमचे घर सावरले. काकूंनी आम्हाला उसने काहीही दिले नव्हते. त्यांनी फक्त खुर्ची आणून दिली होती. मला आजही वाटते की अण्णांना आम्ही त्या वर्षी गमावलेच होते आणि काकूंनी त्यांना वेताच्या एका दोरीने मागे खेचून आणले.

याच सुमारास काकूंच्या घरात ते प्रसिद्ध खोके आले. रॉकेलची टंचाई सुरू झाली होती. गॅसची नावनोंदणी करून लोक म्हातारे होत होते. दुकानापुढे रिकामे डबे रांगेत आणि माणसे सावलीत, हे रोजचे दृश्य होते. काकूंनी वाण्याकडून चहाचे एक रिकामे लाकडी खोके आणले. हापूसच्या पेट्यांमधून निघणारा भाताचा पेंढा लोक उकिरड्यावर टाकत, तो गोळा करून, उन्हात वाळवून खोक्यात दाबून भरला. मधोमध पातेल्याच्या मापाची खोलगट जागा ठेवली. वरून पेंढा भरलेली जाड उशी आणि तिच्यावर लाकडी झाकण. भाताला चांगली उकळी आली की स्टोव्ह बंद करायचा, पातेले झाकून त्या पेंढ्यात ठेवायचे आणि विसरून जायचे. तास-सव्वा तासाने मोकळा, गरमागरम भात तयार. ही युक्ती काकूंच्या आजोळची. चिपळूणजवळच्या त्यांच्या गावी लावणीच्या दिवसांत सकाळी उकळलेल्या पेजेचे मडके घरातल्या पेंढ्यात खोल पुरून सगळे शेतावर जात आणि परतल्यावर पेज ऊन मिळे.

यात अट एकच होती. झाकण मध्येच उघडायचे नाही. आणि नेमकी हीच अट आमच्याकडच्या बायकांना पाळता येणे कठीण होते. भात शिजला की नाही हे झाकण काढून, शीत बोटांत दाबूनच पाहायचे असते, असे लहानपणापासून हातात मुरलेले. आईने खोके घरी आणले. भात ठेवला आणि थोड्या वेळाने शिजतोय का म्हणून उघडून पाहिले. मग अजून शिजला नाही म्हणून काळजीने पुन्हा. मग मघाशी उघडल्याने वाफ गेली तर नाही ना, हे पाहायला पुन्हा. जेवताना अण्णांनी एक घास चावला, आईकडे पाहिले आणि भातावर ताक ओतले.

“तुमचं खोकं खोटं आहे हो,” आईने काकूंना सांगितले.

“खोकं खरं आहे, वहिनी. तुमचा हात राहत नाही.”

आईने पुन्हा दोनतीनदा प्रयत्न केले आणि दर वेळी झाकण उघडले. शेवटी खोके काकूंकडे परत गेले आणि आईने जाहीर केले की तिचा अशा थोतांडावर विश्वास नाही. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत त्या दोघींचा खरा वाद झाला तो एवढाच.

मग माझे लग्न ठरले. मुलगा भोपाळला नोकरीत, घर गिरगावातले. माणसे चांगली होती. हुंडा नको, मानपान नको, देणेघेणे काही नको म्हणाली. मुलाच्या मोठ्या आत्याबाई घरात कर्त्या होत्या. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “आम्हाला काही नको. पंगत मात्र नीट घाला. आमच्याकडचे लोक जेवण लक्षात ठेवतात.” अण्णांनी शब्द दिला. नोकरी गेलेल्या माणसाने दिलेला शब्द होता तो. त्याचे वजन आम्हाला घरात सगळ्यांना कळत होते.

लग्न मे महिन्यातले, आमच्याच इमारतीच्या अंगणात मांडव घालून करायचे. आणि लग्नाला दोन दिवस उरले असताना कोळशाच्या वखारीतून निरोप आला की माल आलाच नाही. रॉकेलच्या दुकानाला कुलूप. आचारी भला माणूस होता, पण तो तरी काय करणार? “अण्णासाहेब, जाळच नाही तर मी रांधू कशावर? पुऱ्यांपुरतं रॉकेल कुठून तरी मिळवा, तेवढं करतो. भात, वरण, भाजी मला जमणार नाही,” असे सांगून तो गेला. आई देवापुढे बसली. अण्णांनी कोट घातला, टोपी घातली आणि गिरगावला निघाले. तारीख पुढे ढकला म्हणायचे, तर मुलाची रजा संपत होती. म्हणजे अण्णा शब्द परत घ्यायला निघाले होते, आणि परत येताना ते पुन्हा इस्त्रीच्या कपड्यांत खुर्चीत बसून राहणारे अण्णा झालेले असतील याची मला खात्री होती. मी दारात उभी राहून पाहत होते.

जिन्याखाली काकू उन्हात वाळवलेला पेंढा झटकत होत्या.

“कुठे निघालात अण्णा, एवढं नटून?”

“व्याह्यांकडे. पंगत होत नाही म्हणून सांगायला.”

“कोण म्हणतं?” काकूंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “कोट काढा आधी. इमारतीत प्रत्येक घरी एक स्टोव्ह आहे. एका उकळीपुरतं रॉकेल प्रत्येकाच्या बाटलीत असतंच. प्रत्येक घराने आपलं सगळ्यात मोठं पातेलं एकदा उकळायचं आणि खाली आणायचं. पुढचं खोकी बघतील. पण खोकी लागतील भरपूर, आणि ती करायला सुतार लागेल.”

अण्णा उभे राहिले. “भरवशाचं आहे का हो हे? एवढ्या माणसांचं अन्न आहे.”

“मोठं पातेलं जास्त वेळ गरम राहतं, अण्णा. घरच्या भातापेक्षा पंगतीचा भात खोक्यात बरा होईल. बघू तरी.”

अण्णांनी कोट काढला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि करवत हातात घेतली.

पुढचे दोन दिवस आमच्या इमारतीत जे झाले त्याला मी लग्नघर म्हणावे की कारखाना, मला ठरवता येत नाही. वाण्याकडची झाडून सगळी चहाची खोकी आली. अण्णा झाकणे बसवत होते, भाऊसाहेब खिळे सरळ करत होते. पेंढ्याचे कसे करायचे, असा प्रश्न आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सावंतबाई म्हणाल्या, “पेंढो व्हयो ना? मी हाडतंय. माझो भाव आंब्याचो धंदो करता.” संध्याकाळी हातगाडीभर पेंढा आला. घराघरांतून जुनी पातळे आली आणि बायकांनी बसून उशा शिवल्या. श्रीखंडाला जाळ लागत नव्हता, त्याचा चक्का आमच्या खिडकीला टांगलेला होता. आई सगळ्यात राबत होती. पण खोक्यांकडे पाहिले की तिचा चेहरा पडे. “प्रमिलावहिनी, माझ्या मुलीच्या लग्नात कच्चा भात वाढला गेला तर मी तोंड कुठे लपवू?” असे तिने विचारले. काकू तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही फक्त उघडू नका. आणि कुणाला उघडू देऊ नका.”

लग्नाच्या सकाळी सगळ्या मजल्यांवर स्टोव्ह पेटले. उकळलेली पातेली फडक्यांत धरून जिन्याने खाली येऊ लागली आणि काकू पायथ्याशी उभ्या राहून ओरडत होत्या, “बाजूला व्हा, पातेलं येतंय!” मसालेभात, वरण, बटाट्याची भाजी, सगळे काकूंच्या मागच्या व्हरांड्यातल्या खोक्यांत गेले आणि झाकणे लागली. वाचलेले रॉकेल पुऱ्यांसाठी आचाऱ्याच्या स्वाधीन झाले. मला मुंडावळ्या बांधून काकूंच्याच आतल्या खोलीत गौरीहरापुढे बसवले होते. त्या खोलीची खिडकी त्या व्हरांड्यावर उघडते. वधूने तेव्हा गौरीचे नाव घेत तांदूळ वाहायचे असतात. मी तांदूळ वाहत होते आणि मनात खोक्यातल्याच तांदळाचा विचार चालला होता, हे गौरीने समजून घेतले असावे.

वऱ्हाड आले. आणि थोड्याच वेळात व्हरांड्यातून मोठ्या आत्याबाईंचा आवाज आला.

“मांडवामागे धूर नाही, चूल नाही, आचारी नुसता पुऱ्या लाटतोय. स्वयंपाक आहे कुठे?”

“खोक्यांत आहे,” कुणीतरी सांगितले.

“खोक्यांत? बघू दे मला.”

खिडकीतून मला आत्याबाईंचा शालूचा पदर पुढे सरकताना दिसला. त्या पहिल्या खोक्याशी वाकल्या. वरपक्षाच्या कर्त्या बाईला हात धरून कोण अडवणार? सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या. आणि तेवढ्यात माझी आई, जिला स्वतःला एक तास झाकण बंद ठेवता येत नव्हते ती माझी आई, लगबगीने पुढे आली, कोपऱ्यातला पाट उचलला, खोक्यावर टाकला आणि त्यावर बसली.

आत्याबाई मागे सरल्या. “अहो विहीणबाई, अन्नावर बसलात?”

“अन्नाची राखण करतेय,” आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण तो हलला नाही. “पंगतीला उघडेन. तुमच्यासमोरच उघडेन.”

आत्याबाई दुसऱ्या खोक्याकडे वळल्या. त्यावर सावंतबाई बसल्या. तिसऱ्यावर कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी बसल्या. बघता बघता व्हरांड्यात नऊवारी, पाचवारी, नथी आणि गजरे घातलेल्या बायकांची रांग चहाच्या खोक्यांवर पाट टाकून बसली, आणि आत्याबाई मधोमध उभ्या. मला हसू आवरेना, आणि हसताना डोळ्यांतून पाणी येऊ लागले. शेजारी बसलेल्या मामीला वाटले की मी माहेर सुटणार म्हणून रडते आहे.

तेवढ्यात गुरुजींनी मांडवातून हाक दिली, वधूच्या आईला बोलवा, मुहूर्त जवळ आला. आई उठेना. पुन्हा हाक आली. आई खोक्यावर तशीच. शेवटी काकू आल्या आणि हळूच म्हणाल्या, “उठा वहिनी. आता मी बसते.” आई उठली, काकू बसल्या. माझे लग्न लागले तेव्हा काकू मांडवात नव्हत्या. त्या मागे व्हरांड्यात पाटावर बसून मंगलाष्टके ऐकत होत्या, आणि माझ्यावर पडायच्या अक्षता त्यांच्या मुठीत तशाच राहिल्या होत्या. नंतर त्यांनी त्या माझ्या डोक्यावर टाकल्या. मला त्याच पहिल्या लागल्या असे वाटले.

पाने मांडली गेली. काकूंनी आईला बोलावले. “वहिनी, उघडा आता.” आईने आत्याबाईंना शेजारी उभे केले आणि झाकण काढले, उशी काढली, पातेल्यावरचे ताट सरकवले. वाफेने तिचा चष्मा धुरकट झाला. तिने एक शीत उचलून दोन बोटांत दाबले आणि ते तसेच आत्याबाईंच्या तळहातावर ठेवले. आत्याबाईंनी ते खाल्ले. मग पदर खोचला, डाव हातात घेतला आणि पहिल्या पंगतीत मसालेभात स्वतः वाढायला निघाल्या. शेवटची पंगत उठेपर्यंत भात गरम होता. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि जो येईल त्याला सांगत होते, “खोकी मी केली आहेत.” इतक्या ताठ मानेने उभे असलेले अण्णा मी कारखाना बंद पडल्यापासून पाहिले नव्हते.

निघताना आत्याबाईंनी काकूंना गाठले. “ते खोकं गिरगावात पाठवता येईल का हो?”

“पाठवणार नाही,” काकू म्हणाल्या. “रविवारी या. शिकवीन.”

आणि आत्याबाई आल्या. पुढे गिरगावच्या त्यांच्या चाळीत, घाटकोपरला, अंधेरीला, कुठे कुठे ती खोकी गेली हे सांगता यायचे नाही. काकूंनी एकही खोके कुणाला करून दिले नाही. ज्यांनी केली त्यांनी आपापल्या हातांनी केली. काकूंच्या चटईवरून उठून गेलेल्या बायकांनी पुढे दुकाने काढली, वर्ग काढले, एकीने तर वायरिंगचे काम हाती घेतले आणि इमारतीच्या इमारती उजळवल्या. या ग्रंथातले इतर लेख त्यांनीच लिहिले आहेत, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. आज सगळे काही तयार मिळते आणि जुने झाले की बदलून मिळते. काकूंना त्याचा राग नाही. त्या एवढेच विचारतात, “उघडून पाहिलंस का, काय बिघडलंय?”

अण्णा आता नाहीत. आईही नाही. अण्णांनी केलेले एक खोके मात्र काकूंच्या स्वयंपाकघरात अजून आहे, आणि दर आंब्याच्या हंगामात त्यातला पेंढा बदलला जातो. काकूंच्या सत्कारसमारंभाचे जेवण केटररकडे द्यायचे ठरत होते. आम्ही बायकांनी तो ठराव हाणून पाडला. त्या दिवशी निदान काकूंच्या पानातला भात तरी अण्णांच्या खोक्यात शिजणार आहे. सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात ते खोके असेल. प्रमुख पाहुणे असोत, अध्यक्ष असोत की हे संपादक मंडळ असो, कुणालाही मी झाकण उचलू देणार नाही. त्यावर पाट टाकून मी बसलेली असेन, आणि भाषणे तिथूनच ऐकेन.

काकूंना भरपूर आयुष्य मिळो. डोळे सुईत दोरा ओवण्याइतके तेज आणि बोटे पक्कड फिरवण्याइतकी बळकट अशीच राहोत, आणि त्या घड्याळाने शंभराव्या वर्षीही चुकीचेच ठोके द्यावेत. सत्कार संपला की काकू व्हरांड्यात येतील, माझ्या खांद्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, “ऊठ गं नीला. आता मी बसते.” तेव्हा मात्र, काकू, आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचे ऐकणार नाही. तुम्ही पानावर जाऊन बसा. राखण मी करते.